टॅब आत्ता घ्यावा की थांबावे : इच्छुकांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

टॅब घ्यायचे ठरले की घरात पहिला प्रश्न ‘कोणता घ्यायचा?’ हा येत नाही, ‘आत्ताच कशाला?’ हा येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यात माणसाची दोन-तीन वर्षे सहज जातात. ती कशीही न जाता पद्धतशीर जावीत, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन. दुकानात शिरून, बोटाने दाखवून, पैसे देऊन अर्ध्या तासात बाहेर पडणारी जी मंडळी असतात त्यांनी हे वाचण्याचे कारण नाही.

प्रथम अधिकार तपासावा. थांबण्याचा अधिकार सर्वांना नसतो. मुलीचा क्लास सोमवारपासून सुरू, नोट्स सगळ्या पीडीएफमध्ये आणि घरातला जुना टॅब चार्जरची वायर काढली की मान टाकतो, अशा गृहस्थाला थांबता येत नाही. त्याने मिळेल तो घ्यावा आणि घरी यावे. याउलट ज्याच्याकडे धडधाकट फोन आहे, ऑफिसचा लॅपटॉप आहे, भिंतीवर टीव्ही आहे आणि तरी ज्याला टॅब ‘वाचायला बरा पडतो’ म्हणून हवा आहे, तो खरा अधिकारी. अशाने टॅब नेमका कशासाठी हवा, हे कोणापाशीही बोलू नये. ‘रात्री आडवं पडून यूट्यूब बघायला’ असे एकदा तोंडातून गेले, की त्याला कोणताही टॅब पुरेल हे बायकोच्या तत्काळ ध्यानात येते आणि थांबण्याला काही अर्थच उरत नाही. कोणी फारच खोदून विचारले तर ‘फोटो एडिटिंग’ सांगावे. त्यावर पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

यानंतर पूर्वदाखले पाठ करावेत. पहिला दाखला खास आपल्याकडचा आहे. स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड २७ जानेवारी २०१० रोजी जगाला दाखवला. अमेरिकेत तो एप्रिलमध्ये दुकानांत आला. भारतात अधिकृतपणे यायला २०११ च्या जानेवारीची अखेर उजाडली. सुरुवातीची किंमत २७,९०० रुपये. वर्षभर कळ काढून ज्यांनी तो हौसेने घेतला, त्यांच्या स्क्रीनगार्डखालचे बुडबुडे बसायच्या आत, २ मार्च २०११ रोजी, आयपॅड २ जाहीर झाला. अधिक पातळ, अधिक हलका, आणि पहिल्यात नव्हता तो कॅमेरा पुढे एक, मागे एक. वर्षभर थांबलेल्या माणसाने आणखी पाच आठवडे थांबायला काय हरकत होती, हा प्रश्न आपल्या पंथात आजही हळहळून विचारला जातो.

दुसरा दाखला २०१२ चा. मार्चमध्ये तिसरा आयपॅड आला, एप्रिल संपता संपता भारतात पोचला आणि २३ ऑक्टोबरला चौथा जाहीर झाला. सहा महिनेसुद्धा नाहीत. वर चार्जरची पिनही बदलली, म्हणजे आधीच्याचे चार्जर नव्याला लागेनात.

हे दोन दाखले ऐकवले की सामान्य माणूस गप्प होतो. जाणकार असला तर मात्र तो २०२३ काढतो, आणि तिथे आपली बाजू लंगडी पडते. त्या संपूर्ण वर्षात अॅपलने एकही नवा आयपॅड आणला नाही. ‘वर्ष सुरू झालंय, येईलच आता’ म्हणून जानेवारीत थांबलेल्यांना मे २०२४ पर्यंत तिष्ठावे लागले. छोट्या आयपॅड मिनीचे भक्त तर सप्टेंबर २०२१ नंतर थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटले. त्या अवधीत जन्मलेले बाळ प्लेग्रुपला जाऊ लागले. सगळ्यांत लांबलेली प्रतीक्षा मात्र कॅल्क्युलेटरची. साधा बेरीज-वजाबाकीचा कॅल्क्युलेटर आयपॅडमध्ये २०१० साली नव्हता, तो कंपनीने २०२४ च्या सप्टेंबरात दिला. चौदा वर्षे. एवढ्या अवधीत रामाचा वनवास आटोपला होता.

कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची दुखणी. त्यांनी ‘आकाश’ आठवावा. जुलै २०१० मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ३५ डॉलरच्या, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दीडेक हजार रुपयांच्या टॅबचा नमुना दाखवला. प्रत्यक्ष आकाश ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत समारंभाने बाहेर आला. सात इंची पडदा, आणि तोही असा की नुसते बोट टेकवून चालत नसे, दाबावे लागे. त्याच्या बाजारातल्या आवृत्तीसाठी लाखोंनी नावे नोंदवली. ती नावे रांगेत असतानाच सुधारित आवृत्ती येत असल्याचे जाहीर झाले. पुढे काम मुंबईच्या आयआयटीकडे, पवईला आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाश २ राष्ट्रपतींच्या हस्ते प्रकाशात आला. अख्ख्या देशाने एका टॅबसाठी थांबण्याचा हा एकमेव प्रसंग. ज्याला थांबणे हे वैयक्तिक वेड वाटते त्याने हे लक्षात घ्यावे की त्याला सरकारी पाया आहे.

आता नवे मॉडेल कधी येणार हे कंपनीच आधी का सांगत नाही? याचे कारण अॅडम ऑस्बर्न. या गृहस्थांचे बालपण तमिळनाडूत गेले. वडील रमण महर्षींचे भक्त होते. अमेरिकेत जाऊन ऑस्बर्न यांनी १९८१ मध्ये ऑस्बर्न १ नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक काढला. ‘उचलून’ हा शब्द मनावर घेऊ नये, वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा पाच इंचांचा. तरी तो धडाक्याने खपला. मग १९८३ मध्ये त्यांनी पुढचे, सरस मॉडेल तयार होण्याआधीच त्याची वाच्यता केली. झाले! गिऱ्हाइकांनी ‘मग तेच घेऊ’ म्हणून हात आखडते घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळे काढले. इतर कारणेही होती असे काही अभ्यासक बजावतात, पण धंद्यात नाव राहिले ते ‘ऑस्बर्न इफेक्ट’ असेच. म्हणजे आपण थांबलो तर कंपनी बुडू शकते. एवढी ताकद मतदारातही नसते.

तेव्हापासून कंपन्या तोंडातून अवाक्षर काढत नाहीत आणि आपल्याला अफवांवर गुजराण करावी लागते. अफवा उत्तम प्रतीची असावी. ब्लूमबर्गचे मार्क गुर्मन दर रविवारी अॅपलच्या पोटातले सांगतात. त्यांचा हवाला दिला की वजन पडते. अँड्रॉइडवाल्यांनी भारतीय मानक ब्युरोच्या यादीकडे डोळा ठेवावा. भारतात विकायच्या टॅबला तिथे नोंदणी लागते, त्यामुळे कंपनीने तोंड शिवले तरी मॉडेल क्रमांक बाहेर पडतो. सॅमसंगचा असेल तर हल्ली तो ‘एसएम-एक्स’ने सुरू होतो. हे सगळे वाचायला वेळ नसेल तर घरातला भाचा गाठावा. प्रत्येक कुटुंबात असा एक असतोच. त्याला स्वतःला टॅब घेणे परवडत नाही, त्यामुळे त्याचे मत निर्लेप असते. ‘मामा, वेडा आहेस का आत्ता घ्यायला? पुढच्या महिन्यात चिप बदलतेय!’ चिप बदलल्याने यूट्यूबवरच्या कीर्तनात काय फरक पडेल, हे मामाने विचारू नये. आपण फोटो एडिटिंग सांगितलेले आहे.

तरी निर्णय होत नसेल तर पंचांग पाहावे. जानेवारी-फेब्रुवारीत घेऊ नये, कारण २०२२ आणि २०२५ या दोन्ही वर्षी नवा आयपॅड एअर मार्चमध्ये आला. मार्चमध्ये ‘वर्षाअखेरची टॅक्सची कापाकापी होऊ दे’. एप्रिलमध्ये गुढीपाडव्याचा मुहूर्त नुकताच हुकलेला असतो, आणि २०२४ मध्ये नवे मॉडेल मेमध्ये आले होते हेही विसरून चालत नाही. जूनमध्ये शाळेची फी. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे ऑनलाइन दुकानदार सेलच्या जाहिराती करतात, तेव्हा दिवाळीच्या मोठ्या सेलसाठी हे सेल सोडावेत. भाद्रपदात गणपती उठले की पितृपक्ष. त्यात मोबाइलचे कव्हरसुद्धा घ्यायला आपल्याकडे मन धजत नाही. दसरा हा साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त, सूट भरघोस, बँकेच्या कार्डावर आणखी दोन-चार हजार कमी. पण ऑक्टोबर हाच नव्या मॉडेलचा महिना. २०२२, २०२४, २०२५, तिन्ही वर्षी कोणता ना कोणता नवा आयपॅड ऑक्टोबरातच आला. दिवाळीच्या पाडव्याला फटाक्यांच्या आवाजात निर्णय नीट होत नाही. राहता राहिला डिसेंबर. डिसेंबरात घेतलेल्या वस्तूच्या बिलावर जुने साल पडते आणि पंधरा दिवसांत ती ‘मागच्या वर्षीची’ होते. म्हणून जानेवारी.

अधिक महिन्याचा वेगळा विचार करावा लागतो. या महिन्यात जावयाला वाण द्यायचे, अनारसे द्यायचे, चांदीचे काहीतरी द्यायचे. अलीकडे सासरे टॅबही सुचवून बघतात. अशा वेळी जावयाने ‘आत्ता नको, नवीन मॉडेल येतंय’ असे चुकूनही म्हणू नये. पुढचा अधिक महिना जवळजवळ पावणेतीन वर्षांनी येतो.

अधूनमधून दुकानात जाऊन यावे. न घेण्याचा सरावही करावा लागतो. टेबलावर तारेने बांधलेले टॅब असतात, त्यांवर एका जलपरीचे नाही तर कुठल्याशा बर्फाळ डोंगराचे चित्र सतत सरकत असते. ते बोटाने थांबवावे, कॅमेरा उघडावा, दुकानाच्या छताचा फोटो काढावा. एवढ्यात विक्रेता येतो. पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र.

‘सर, एकदम लेटेस्ट आहे.’

‘मग नवीन कधी येतोय?’

‘अजून काही अनाउन्स नाही सर. पण आज घेतलात तर नो-कॉस्ट ईएमआय आहे, जुनं काही असेल तर एक्स्चेंज धरून देतो.’

येथे घाई करू नये. शांतपणे सीलबंद खोका मागावा आणि तो उलटा करावा. मागे एक पांढरी चिठ्ठी असते. तिच्यावर सर्व करांसह किरकोळ किंमत, आयातदाराचा पत्ता आणि अगदी बारीक अक्षरांत निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते. चष्मा कपाळावर सरकवून ते वाचावे. दोन महिन्यांपूर्वीचे असले तरी ‘हंऽऽ’ असा लांब उद्गार काढावा आणि खोका परत ठेवावा. ‘जरा बघून येतो’ या वाक्याचा अर्थ त्या मुलाला आपल्याहून चांगला कळतो. त्याने आपला चहा आधीच रद्द केलेला असतो.

सगळ्यांत अवघड प्रसंग म्हणजे ज्याची वाट पाहत होतो ते मॉडेल खरोखर येणे. नवशिका इथे हमखास घसरतो आणि पाकीट काढतो. मार्च २०२५ मध्ये साधा आयपॅड नव्याने आला, तेव्हा किंमत होती तीच ३४,९०० रुपये, आणि साठवणूक ६४ जीबीची १२८ जीबी झाली. आता थांबायला जागाच नाही, असे दुबळ्यांना वाटले. मुरलेल्यांनी दोन मिनिटांत जागा शोधली : अॅपलचे नवे एआय त्यात चालत नव्हते. शिवाय पडदा ६० हर्ट्झचाच होता. ६० आणि १२० मधला फरक डोळ्यांना दिसतो का, हे कोणी विचारले तर ‘एकदा सवय झाली की कळतं’ असे उत्तर द्यावे. सवय झालेली नाही हे सांगायची गरज नाही. सॅमसंगच्या पंथात याच कामासाठी ‘किती वर्षं अपडेट मिळणार?’ हा प्रश्न वापरतात. तो प्रश्न खरे म्हणजे शहाणपणाचा आहे. सुरक्षा अपडेट बंद पडलेल्या टॅबवर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि स्वस्त टॅब घेताना हे कोणी बघत नाही. पण प्रश्न शहाणपणाचा असला तरी आपल्याला तो टाळाटाळीसाठीच वापरायचा आहे.

सोबतच्या वस्तूंबद्दल एक सूचना राहिली. काही उतावळे थांबण्याच्या काळात मन रमावे म्हणून पेन्सिल, कव्हर, कीबोर्ड आधीच घेऊन ठेवतात. ‘त्याच्यावर सूट होती’ म्हणतात. असे करू नये. २०२२ च्या दहाव्या आयपॅडला चार्जिंगची पिन नवी होती, पण पेन्सिल चालायची जुन्या पिनेची, आणि ती चार्ज करायला मध्ये एक बोटभर जोडणी लावावी लागे. २०२४ च्या नव्या प्रो आणि एअरने दुसऱ्या पिढीची पेन्सिल ओळखच दाखवायची नाकारली. कव्हरचे तर विचारूच नका, कॅमेऱ्याचे भोक दर वेळी सरकते. तेव्हा कव्हर घेतले असेल तर बिल जपून ठेवावे आणि परतीची मुदत किती दिवसांची आहे ते आजच पाहावे. बहुतेक ठिकाणी ती नव्या मॉडेलच्या आधी संपते.