शेवटची ओळ वाचा की!

मांडव्याच्या धक्क्यावर शुक्रवारी संध्याकाळी उतरणाऱ्या निम्म्या पाठींवर हल्ली लॅपटॉपची सॅक असते. दोन दिवस किहीम-आवास, सोमवारी बंगल्यावरूनच ऑफिस. आणि हाताला काम नसलं की व्हॉट्सॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट : ‘७०००!!!’

सात हजार काय? गुंठ्याचा भाव? तसं असतं तर धक्क्यावर चेंगराचेंगरी झाली असती.

नाही, लॅपटॉपमधल्या एसएसडीचा वेग. सेकंदाला सात हजार मेगाबाइट. धडाधड अंगठे येतात. या सात हजारांचं करणार काय, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

हा आकडा काढणारं क्रिस्टलडिस्कमार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर जपानी आहे. चार ओळी, दोन रकाने. डावीकडे वाचन, उजवीकडे लेखन. त्याची कार्टूनमधल्या मुलीचं चित्र असलेलीही आवृत्ती मिळते. वेग तोच येतो, चेहरा तेवढा प्रसन्न.

सर्वांत वरच्या ओळीत सगळ्यांत मोठा आकडा असतो. स्क्रीनशॉट काढणाऱ्याची नजर तिथेच संपते.

ही वरची ओळ काय मोजते? एकेक एमबीचे सलग तुकडे, आठ मागण्या एकदम रांगेत. असं काम तुम्ही शेवटचं कधी केलंत? भलीमोठी फाइल इकडून तिकडे हलवताना, बस्स. आणि तेव्हाही समोरचं टोक तेवढंच चपळ हवं. जुनाट पेनड्राइव्हवर कॉपी करायला घेतलीत, की सात हजारातले सहा हजार नऊशे घरीच बसतात.

आता शेवटची ओळ. चार-चार केबीचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच मागणी. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, मेल शोधणं, यातलं बरंचसं काम असंच चालतं. इथे चांगल्या महागड्या एसएसडीचा वाचनाचा आकडा किती? साठ ते नव्वदच्या घरात.

सात हजार नव्हे. साठ.

मांडव्याचा बंगला विकणारा ‘मुंबईपासून वीस मिनिटं’ सांगतो, ते खोटं नसतं. स्पीडबोट पाण्यात असते तेवढा वेळ तो मोजतो. गेटवेपर्यंतची टॅक्सी, तिकिटाची रांग, धक्क्यावरून बसपर्यंतची पायपीट आणि चोंढी नाक्यावरची कोंडी, हे सगळं गिऱ्हाइकाच्या खात्यावर. वरची ओळ ब्रोकरची, शेवटची प्रवाशाची.

खरी उडी कधी पडली? मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली तेव्हा. वडखळमार्गे शंभरेक किलोमीटर दामटण्याऐवजी गाडीसकट तासाभरात पलीकडे. त्यानंतर बोट चार नॉट जोरात पळवली म्हणून कुणाचं जेवण लवकर झालं?

लॅपटॉपचंही तेच. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क या शेवटच्या ओळीत एक एमबीसुद्धा धड गाठत नसे. साधी साटा एसएसडी आली आणि आकडा तिशी-चाळिशीत गेला. लोकांना लॅपटॉप नवा झाल्यासारखा वाटला, आणि ते खरंच होतं. पुढे एनव्हीएमई जातीची एसएसडी आली. वरची ओळ साडेपाचशेवरून सात हजारांवर, शेवटची ओळ जेमतेम दुप्पट. जाहिरात कुठल्या ओळीची होते, सांगायला हवं?

एक गंमत. याच शेवटच्या ओळीत लेखनाचा आकडा वाचनापेक्षा मोठा दिसतो. लिहिणं वाचण्यापेक्षा सोपं कधीपासून झालं? ड्राइव्ह आधी ‘झालं’ म्हणून कळवते आणि काम मागाहून उरकते, तेव्हापासून.

लेखनाची पुढची मेख याहून मोठी आहे. चाचणी होते एक जीबीच्या फाइलवर. तेवढी ड्राइव्हच्या राखीव वेगवान जागेत आरामात मावते. भाचीच्या लग्नाचं दोनशे जीबी चित्रीकरण ओतायला घ्या. ती जागा भरली की स्वस्तातली, क्यूएलसी प्रकारची ड्राइव्ह शंभरावर येते, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या पंगतीला. ड्राइव्ह आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ही जागाही आक्रसते. पण भरलेल्या ड्राइव्हचा स्क्रीनशॉट कोण टाकतो?

‘माझा साडेतीन हजारच आला, मला फसवलं!’ असाही एक असतोच. अहो, ड्राइव्ह चौथ्या पिढीची, लॅपटॉपमधली खाच तिसऱ्या पिढीची. खोक्यावरचा आकडा वाचलात, लॅपटॉपची माहिती कोण वाचणार?

मे महिन्यात, एसी बंद असताना, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून चाचणी घेणारे तर थोरच. ड्राइव्ह तापली की स्वतःच वेग उतरवते. त्यात लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला, की आकडा आणखी घसरू शकतो. लगेच ग्रुपवर निदान : ‘एसएसडी गेली वाटतं.’

आणि नवी एसएसडी टाकूनही डाउनलोड तेवढंच रखडतं म्हणून कुरकुरणारे? शंभर मेगाबिटचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तेवढं तर ती जुनी फिरती तबकडीही झेलत होती.

२०२२ मध्ये अ‍ॅपलच्या एम-टू मॅकबुक एअरवरून गदारोळ झाला. २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये दोनाऐवजी एकच चिप, त्यामुळे सलग वाचनाचा वेग आधीच्या मॉडेलच्या निम्म्यावर. यूट्यूबवर सुतक. घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण मेल लिहीत राहिले, त्यांना पत्ताही लागला नाही. फटका बसला तो आठ जीबी मेमरीत ढीगभर कामं उघडून बसणाऱ्यांना. मेमरी भरली की मशीन ड्राइव्हवर हात पसरतं. म्हणजे तिथेही पैसे आधी मेमरीत घालायला हवे होते. पण मेमरीचा स्क्रीनशॉट कसा टाकणार?

त्याच जपानी घरातलं दुसरं सॉफ्टवेअर, क्रिस्टलडिस्कइन्फो, ड्राइव्हची तब्येत सांगतं : किती टक्के उरली, आजवर किती डेटा लिहिला गेला, आता तापमान किती. जुना लॅपटॉप विकत घेताना मागावेत तर हे आकडे. एसएसडी लिहिण्याने झिजते. आणि वेगाच्या प्रत्येक चाचणीत जीबीच्या जीबी डेटा लिहिला जातो. झीज किरकोळच, पण दर रविवारी नव्याने सात हजार काढून दाखवणाऱ्याकडून सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल, तर हजार-पाचशे कमी करून घ्या.