मत्स्यवैद्याचा जमाखर्च

ज्या धरमतरच्या खाडीकाठी माशावर मीठ, हळद आणि आमसूल यांपलीकडचा कोणताही उपचार कोणी ऐकलेला नाही, तेथे आजारी गोल्डफिशला वेगळ्या टाकीत ठेवून त्याची शुश्रूषा करणाऱ्या इसमाकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहतात, हे विस्ताराने सांगावयास नको. मला स्वतःला मात्र आपण धन्वंतरीच्या दुय्यम कचेरीत रुजू झालो आहोत, असे निःसंशय वाटत असे.

रोग म्हणजे अंगावर मिठाचे कण पेरल्यासारखे पांढरे ठिपके. त्याचा जंतू कातडीखाली दडून असेपर्यंत औषधाला दाद देत नाही; तो गळून तळाशी जातो, कोश करून तेथे शेकडो पिलांना जन्म देतो, आणि ती पिले नवा यजमान शोधत पाण्यात हिंडू लागली, म्हणजेच औषधाचा अंमल त्यांच्यावर चालतो. म्हणून तळाचा गाळ नळीने ओढून काढावा लागतो. शिवाय निळे औषध पाणी शुद्ध राखणाऱ्या उपकारक जीवाणूंचाही फडशा पाडते, त्यामुळे माशाने टाकलेला अमोनिया साचतो, आणि रोगातून वाचलेला रोगी उपचारांनी दगावण्याचा चोख बंदोबस्त होतो. सबब, पाणी बदलणे आले. ४० लिटरांतून १० लिटर काढले, तर मात्रा नव्या १० लिटरांपुरतीच द्यावयाची, ४० ची नव्हे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन हायपोने मारावयाचे. आणि कोळशाची गाळणी आधी बाहेर काढावयाची, कारण ती औषध गिळून स्वस्थ बसते. हा सारा जमाखर्च मी वहीत तारीखवार, सुवाच्य अक्षरात मांडीत असे आणि पाहुण्यांनी न मागता त्यांच्यापुढे ठेवीत असे.

जिताड्याला असले काही लागत नाही. (हे विषयांतर आहे, पण पेणच्या बाजूचा मनुष्य जिताड्यावरून विषयांतर करीत नसेल, तर त्याचा रहिवासाचा दाखला तपासून घ्यावा.) पावसाळ्यात खाडीतून धरलेली त्याची पिले खारेपाटातले लोक दारच्या तळ्यात सोडतात. खाऱ्यातून गोड्यात येताना त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. लहान मासे खाऊन तो वाढतो. आरंभी नर असतो, वय झाल्यावर मादी होतो, आणि एवढ्या फेरफारासाठीही कोणत्या कचेरीत अर्ज करीत नाही. व्याही, जावई किंवा मर्जी संपादन करण्याजोगा अंमलदार यांपैकी कोणी उगवले, म्हणजे तो तळ्याबाहेर निघतो. तुंबलेल्या कित्येक कागदांना त्याने पाय फोडले, असे जुने लोक सांगतात. माझ्या गोल्डफिशने आजवर एकही कागद हलविलेला नाही.

आमची ही माहेरची त्याच खारेपाटातल्या शिर्कीकडची. एकदा मी क्लोरीनच्या उपद्रवाबद्दल बराच वेळ बोलत होतो, तेव्हा ती हातातले काम न थांबवता म्हणाली, "अहो, आमच्याकडे नळाला पाणीच यायचं नाही, तर क्लोरीन कुठून यायचं?"

रागाने म्हणाली असती, तर मी वाद घातला असता. हेटवण्याचे धरण पेण तालुक्यातच आहे, त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत पोचते, आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटात, जेथे बांधापलीकडे भरतीचे पाणी धडका देते, तेथे उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावतात. माझ्या वहीत १० लिटर 'खर्ची' या सदरात पडत होते. तेवढ्यात हंडा जवळजवळ भरला असता. या जमाखर्चाचा संताप कोणावर काढावा, हे मला अद्याप उमगलेले नाही. वही मात्र कपाटात गेली, आणि पावसाळा लागताच पागोळ्यांखाली पिंप आले. त्या पाण्यात मारावयास क्लोरीनही नसते.

मासा बरा झाला. परवा एक ओळखीचा कोळी बांधावरून वळून आत आला, माझी निळी बोटे पाहून म्हणाला, "मास्तर, मतदान कवा झालं?" मग टाकीपाशी वाकून त्याने विचारले, "यो केवढा होल?"

"वीतभर."

"आन् खायाचा नाय?"

"नाही."

माझी दया येऊन त्याने पुढल्या वेळी जिताड्याचे एक पिलू आणून देण्याचे कबूल केले. ते या टाकीत मावणार नाही, हे त्याला सांगावयाचे राहून गेले, कारण तेवढ्या तळ्याला औषधाची मात्रा किती लागेल, याचे गणित मी मनात मांडावयास घेतले होते.