उंदराचे सारथी

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत एक तरी मोटरहोमवाले काका असतातच. पस्तीस वर्षं मान मोडून नोकरी केली की ते चाकांवरचं घर घेतात. अमेरिका बघायची असते. बघतात ते गाडीचं बूड. ड्राइव्हवेवर उताणे पडून, कपाळाला दिवा बांधून ते भोकं शोधत असतात. आपण नमस्कार केला, तर गाडीखालून आवाज येतो, ‘‘6 मिलिमीटर! पेन्सिल जाते तिथून उंदराचं पिल्लू जातं.’’

पेन्सिल खिशात असतेच. ती शिरेल त्या भोकात तारेची घासणी कोंबायची, वरून भोकं बुजवायचा फेस मारायचा. नुसता फेस उंदीर कुरतडतो. काकूंच्या सिंकपाशी घासणी का टिकत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

हा ध्यास लागला पहिल्या हिवाळ्यात. गाडी नोव्हेंबरात झाकली, मार्चमध्ये उघडली. गादीच्या कापसाचं बाळंतघर झालेलं आणि वायरी सोललेल्या. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडावंच लागतं, हे काका हल्ली इतक्या कळवळ्यानं सांगतात, की त्याला दंतवैद्याकडे नेऊन आणावंसं वाटतं.

मग उपाय सुरू झाले. पेपरमिंटचं तेल झालं. डांबराच्या गोळ्या झाल्या. त्या वर्षी गणेशोत्सवात काका शेजारी बसले, की आजीची ट्रंक उघडल्यासारखं वाटे. कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारं यंत्रही आलं. अशा यंत्रांच्या 60 हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना फेडरल ट्रेड कमिशननं 2001 मध्येच ‘दाव्यांना पुरावा हवा’ अशी तंबी दिली होती. काकांनी हे वाचलं ते यंत्र घेतल्यावर. विषाचा प्रयोग एकदाच झाला. उंदीर भिंतीच्या पोकळीत जाऊन मेला आणि ती सहल आम्ही खिडक्यांबाहेर तोंडं काढून केली.

आता फक्त सापळा, त्यात दाण्याचा कूट आणि गूळ. लेंड्या दिसल्या तर झाडू लावायचा नाही. हातमोजे घालून आधी ब्लीचचं पाणी मारायचं, नाहीतर हांता विषाणू धुळीबरोबर नाकात जाईल, असं काका जेवणाच्या पंगतीत बजावतात. खाणं मात्र काकूंच्या स्टीलच्या डब्यांत सुरक्षित असतं. ते डबे चाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून आले, तेव्हा याच काकांनी वजनावरून कटकट केली होती.

मुंग्यांचं शास्त्र वेगळं. त्या टायरवरून, विजेच्या केबलवरून नाहीतर पाण्याच्या नळीवरून चढतात. म्हणून कॅम्पला पोचल्या पोचल्या काका चारी चाकांभोवती डायटमच्या मातीची पांढरी कडी घालतात. एकदा शेजारच्या तंबूतल्या बाईंनी हा कुठला धार्मिक विधी म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, ‘‘वास्तुशांत.’’ ती भुकटी कोरडी असेपर्यंतच चालते, त्यामुळे पाऊस पडला की वास्तुशांत पुन्हा. हीटरच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर बांधते, म्हणून तिथे जाळी. निघताना लँटर्नफ्लायची अंडी खरवडायची; ती वाळलेल्या चिखलासारखी दिसतात. 2014 मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सापडलेला हा किडा अशा गाड्यांना चिकटूनच गावोगाव जातो. काका ती अंडी मुदत संपलेल्या क्रेडिट कार्डानं खरवडतात.

एवढं करून गेल्या वर्षी गाडी ग्रँड कॅन्यनला निघाली. व्हर्जिनियात पहिल्याच रात्री ओट्याखाली खुडखुड झाली. काका दिवा बांधून उठले. काकू कूस बदलत म्हणाल्या, ‘‘गणपतीला उंदीर वाहन. तुमचं उलटं आहे.’’

कॅन्यनचा फोटो आम्ही पाहिला. मागे ती अफाट लाल दरी. कठड्याशी झाडून सगळे दरीकडे तोंड करून उभे. काका तेवढे दरीकडे पाठ करून पार्किंगकडे बघताहेत. तिथे गाडीच्या पुढच्या चाकापाशी एक खार बसली आहे आणि काकांचा हात खिशात, पेन्सिलीवर.