अण्णांची चप्पल आणि बी-ट्वेल्व्ह

"अहो वहिनी, कढीपत्ता तोडताय तोवर ऐका. समोरच्या अण्णांची चप्पल जिन्यातच निसटली आणि हे तसेच गेटापर्यंत आले. पत्ताच नाही!"

"अगंबाई! त्यांच्या पायांना मुंग्या येतात म्हणून सूनबाई तिळाचं तेल चोळत होती ना?"

"चोळेल नाही तर काय! शेवटी रक्त तपासलं, तर बी-ट्वेल्व्ह तळाला. नसांवरचं आवरण त्याच्याशिवाय धड राहत नाही. तांबड्या पेशी नीट तयार व्हायलाही तेच लागतं."

"पण त्यांच्याकडे तर रोज मोड आलेली मटकी असते."

"मटकीत कुठलं आलंय! हे जीवनसत्त्व जिवाणूच बनवतात, झाडंझुडपं नाही. गाईच्या पोटातले जिवाणू करतात, म्हणून दुधा-दह्यात उतरतं. अंडी, मासे, कलेजीतही असतं. आपण दूध घेतो म्हणतो, पण चहात पडतं किती? रंग बदलण्यापुरतं!"

"मग रोज लागतं तरी किती?"

"दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. मिठाचा खडासुद्धा त्याच्यापुढे डोंगर. शिवाय यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून तर कमतरता लवकर कळत नाही. त्यात अण्णांची साखरेची मेटफॉर्मिन, वर सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी. दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की बी-ट्वेल्व्ह अंगी लागायचं कमी होतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, त्याचा मला राग येतो."

"म्हणजे हे म्हाताऱ्यांचंच दुखणं?"

"छे हो! पुण्याच्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका तपासल्या, तर तिघींतल्या दोघींना कमी. फोलिक मात्र जवळजवळ सगळ्यांचं ठीक. नुसत्या फोलिकनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर नसांची नासाडी आतल्या आत चालूच राहते."

"आमची धाकटी त्या कुठल्याशा हिरव्या पावडरीचं गुणगान गाते. स्पिरुलिना की काय!"

"तिला सांगा, त्यात असतं ते बहुतेक नकली बी-ट्वेल्व्ह, शरीराला उपयोग शून्य. पैसे मात्र खरे जातात. अण्णांना आता इंजेक्शनं चालू आहेत. लालभडक औषध, सरबतच जणू! मुंग्या जरा कमी आहेत म्हणे, पण नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर सगळंच भरून येतं असं नाही."

"काकू, मलाही हल्ली फार थकवा येतो. आणू का मेडिकलमधून एक पाकीट?"

"थांबा, घाई नको. गोळ्या सुरू केल्या की तपासणीत आकडा चढलेला दिसतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. आधी रक्त द्या, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, मग काय ती गोळी."