स्पिन लागला की मशीन निघतं

फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या पाठीत कारखान्यातून येतानाच तीन-चार लांब बोल्ट पिळलेले असतात. आतला टब एरवी स्प्रिंगांना टांगलेला आणि खालून शॉक अॅब्झॉर्बरवर टेकलेला असतो. ट्रकमध्ये तो हिंदकळू नये म्हणून हे बोल्ट त्याला बाहेरच्या पत्र्याशी जखडून ठेवतात. घरी आल्यावर ते काढायचे आणि मगच मशीन सुरू करायचं. तसं पाठीवरच्या कागदावर चित्रासकट छापलेलंही असतं. ही माहिती वाचकांना आधीच देऊन ठेवतो, कारण ती मला मिळेपर्यंत आमच्या ड्राय बाल्कनीत बरंच भौतिकशास्त्र घडून गेलं होतं.

मशीन शुक्रवारी आलं, फिटिंगचा माणूस सोमवारी येणार होता. मधल्या काळात घरात मी होतो, म्हणजे फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस. नळाला एक पाइप जोडायचा, दुसरा मोरीत सोडायचा, प्लग लावायचा. एवढ्यासाठी सोमवारची वाट बघणं मला विद्यापीठाचा अपमान वाटला. "अहो, येऊ दे ना त्याला," बायको म्हणाली. मी नुसता हसलो आणि मशीन भिंतीला सरकवलं. पाठीवरचा कागद भिंतीला वाचायला मिळाला.

पहिलाच मान गोधडीला मिळाला. धुणं शांतपणे पार पडलं, मग स्पिन लागला. आधी फळीवरचं पातेलं किणकिणायला लागलं. ते थांबलं तशी खिडकीची काच बोलू लागली. मग काचही गप्प झाली आणि मशीन निघालं. आधी एक पाय, मग दुसरा, असं करत दारापर्यंत आलं आणि पाइप ताणला गेल्यावर नाइलाजाने थांबलं.

"हे कुठे निघालं?" बायकोने विचारलं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कधी जमलं नव्हतं. प्रत्येक वस्तूला थरथरण्याची स्वतःची एक वारंवारता असते. पातेल्याला टिचकी मारून सोडून दिलं की ते त्याच वारंवारतेने कापतं. हे मुक्त आंदोलन. बाहेरून कोणी सतत हलवत राहिलं तर वस्तूला हलवणाऱ्याच्या तालावर हलावं लागतं, हे प्रणोदित. आणि हलवणाऱ्याचा ताल वस्तूच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळला की ती बेभान होते, ते अनुस्पंदन. ड्रमचा वेग चढता चढता आधी पातेल्याच्या तालाशी जुळला, मग काचेच्या. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती तोवर फरशीवरचं पाणी पुसत होती.

इथवर माझं सगळं बरोबर होतं, आणि तिथेच घात झाला. मशीनचं आणि आमच्या फरशीचं अनुस्पंदन जुळतंय, असं निदान मी करून टाकलं. उपाय अवमंदन. अवमंदन म्हणजे हलण्यातली ऊर्जा कशाततरी जिरवणं, आणि हा माझा जुना लाडका विषय. ते कमी असेल तर शॉक गेलेल्या स्कूटरसारखी वस्तू गतिरोधकानंतर कोपऱ्यापर्यंत डुलत राहते. जास्त असेल तर ऑफिसच्या दाराला लावलेला क्लोजर ते बंद करायला आख्खी दुपार घेतो. या दोहोंमध्ये एक नेमकी जागा असते: वस्तू जागेवर येते, पुढे जात नाही आणि वेळही कमीत कमी लागतो. ती जागा साधायला मी जाड रबरी मॅट आणली.

मॅटवर मशीन जास्तच उसळायला लागलं. रबर थोडी ऊर्जा जिरवतं, पण ते स्वतः एक स्प्रिंगही असतं, हे पैसे दिल्यावर आठवलं.

मग वस्तुमान वाढवायचं ठरवलं. माळ्यावरून वरवंटा काढला, तो मांडीवर घेतला आणि स्वतः मशीनवर बसलो. हिशेब नंतर केला. अर्धा किलो ओलं कापड ड्रमच्या कडेला, मध्यापासून 24 सेंटीमीटरवर, एका बाजूला गोळा झालं आणि ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेऊ लागला, तर बाहेरच्या दिशेची ओढ सुमारे 190 किलो वजनाइतकी होते आणि सेकंदाला 20 वेळा सगळ्या दिशांना फिरून येते. मशीन पासष्ट-सत्तर किलोचं, मी ऐंशीचा. वरवंटा धरूनही आम्ही कमीच पडत होतो. तेवढ्यात खालच्या काकांचा फोन आला, ड्रिलिंग चाललंय का म्हणून. "न-न-नाही क-का-का," मी म्हणालो. त्यांनी काळजीने विचारलं, थंडी वाजतेय का.

रात्री मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती मेकॅनिकलला आहे, दुसऱ्या वर्षाला. बाल्कनीचं गांभीर्य तिच्या लक्षात यावं म्हणून मी अमेरिकेतल्या टॅकोमा पुलापासून सुरुवात केली. 1940 च्या जुलैत सुरू झालेला तो पूल त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून पडला. "अनुस्पंदन!" मी म्हणालो.

"बाबा, ते फ्लटर. वारा तालात कुठे वाहत होता? पूल स्वतःच्या हलण्यातूनच वाऱ्याकडून ऊर्जा घेत होता. आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं."

मी माघार घेऊन मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन पुलावर आलो. 1831 साली सैनिक पावलात पाऊल टाकत त्यावरून गेले, पूल डोलायला लागला आणि कोसळला. त्यानंतर ब्रिटिश सैन्यात पुलावर पाऊल मोडून चालायची आज्ञा निघाली. इथे तिने मान्यता दिली, पण पुढे म्हणाली, "तिथेही शेवटी बोल्ट तुटला होता ना? तुमचे बोल्ट बघितले का?" मी म्हटलं, आपल्या मशीनचे सगळे बोल्ट घट्ट आहेत.

सोमवारी फिटिंगचा मुलगा आला. मशीन पुढे ओढलं, पाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "काका, यावर चालवलंत?" पान्याने त्याने पाच मिनिटांत बोल्ट काढले, भोकांत प्लास्टिकची बुचं बसवली. घर बदलताना लागतात, जपून ठेवा, म्हणाला. बायकोने ते माझ्या डिग्रीच्या फाइलमध्ये ठेवले.

आता टब आतल्या आत डुलतो आणि पत्र्याला पत्ता लागत नाही. टबाची स्वतःची वारंवारता अगदी कमी असते. ड्रमचा वेग तिच्या खूप पुढे गेला की टबाला त्याच्यामागे धावता येत नाही. पण वेग चढताना तो टप्पा ओलांडावाच लागतो. तेव्हा टब दोन-तीन क्षण जोरात थडथडतो. "ऐक, हे अनुस्पंदन," म्हणून मी बोट वर करतो, तोवर वेगही पुढे गेलेला असतो आणि बायकोही. स्पिन संपून वेग उतरताना तोच टप्पा पुन्हा लागतो. त्या वेळी मी आधीपासूनच बोट वर करून उभा असतो.