नायिकेच्या गालावरची बट: एक खुले पत्र

प्रति,
किशोरवयीन नायिकांचे घाऊक उत्पादक,
मुक्काम पोस्ट मराठी कादंबरी.



आपली नवी कादंबरी आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दाखल झाली. मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी आणि पुढ्यात समुद्र. आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका असला तरी तिथून समुद्र दिसत नाही. पण तक्रार ती नाही.

तक्रार मुलीबद्दल आहे. ती सोळा वर्षांची. ती सुंदर आहे हे गावाला ठाऊक, वाचकाला ठाऊक, फक्त तिलाच ठाऊक नाही. घरात आरसा नसावा. तिच्या गालावर एक बट येते. पावसात येते, परीक्षेत येते, आजोबांच्या तेराव्यालाही येते, आणि नायक येऊन बाजूला करेपर्यंत जागची हलत नाही. आमच्याकडे पोरी तेल चापून, दोन वेण्या दुमडून, लाल रिबिनी आवळून शाळेत येतात. त्या केसांतून बट सुटायला किमान वादळ हवं.

दोष म्हणावा तर एकच, ती धडपडते. तिकडे ‘ट्वायलाइट’ या इंग्रजी कादंबरीतली बेला स्वान 2005 पासून धडपडते आहे. तिचं खरचटलेलं बरं व्हायच्या आत आपण ती खोड इकडे उतरवून घेतलीत! ती पडते आणि तो सावरतो, एवढ्यावर आपली तीन प्रकरणं निघतात. आठवीतल्या एकीनं पुस्तक परत करताना मला विचारलं, “मॅडम, इले घरी काही कामच नाही का जी?” मी सांगितलं, नायिकेला काम नसतं बाई, मन असतं. तिला ते पटलं नाही. कपाशीच्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली की ही पोरगी सुटीच्या दिवशी कमरेला फडकं बांधून आईसोबत वेचणीला जाते. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलतात, आणि सोमवारी त्याच बोटांनी भूमितीची आकृती काढते. मन तिलाही आहे. आपण विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

आपल्या एका वाक्यावर मात्र माझा खास राग आहे: ‘ती इतर मुलींसारखी नव्हती.’ मग इतर मुली कशा? खिदळणाऱ्या, पावडर थापणाऱ्या, एकमेकींवर जळणाऱ्या. एकीला वर चढवायचं म्हणून अख्खा वर्ग खाली ढकलायचा, याला आपल्याकडे व्यक्तिचित्रण म्हणतात वाटतं. अहो, आमच्याकडे एकीचा एसटीचा पास हरवला तर बाकीच्या कंडक्टरशी भांडतात. हे आपल्या कथानकात कुठं बसवणार?

मुलांच्या बाबतीत मराठी लेखणी एवढी कंजूष नाही हो. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला सायकल दिली, चोरांच्या मागं पळवलं, पार काश्मीरला नेलं. त्याच्या केसांचं वर्णन वाचकाला आठवत नाही, करामती आठवतात. गोट्या झाला, बोक्या सातबंडे झाला. पोरीच्या वाट्याला काय? खिडकी.

आणि जुना काळ तसा होता, ही सबबही चालायची नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहायला घेतली ती 1890 मध्ये. त्यात यमू स्वतः ‘मी’ म्हणून आपली हकीकत सांगते. लेखक पुरुष, काळ केशवपनाचा, तरी पोरीला तोंड होतं. 1933 मध्ये विभावरी शिरूरकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’मधून मुलींच्या मनातलं छापलं, तर केवढा गदारोळ उठला. आपल्या नायिकेमुळे कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. शोभेची वस्तू कुणाला खुपते?

खरी नायिका हवी असेल तर वर्ध्याला लागून पिंपरी मेघे आहे. 1948 साली तिथं एक मुलगी जन्मली. नकोशी होती, म्हणून नाव पडलं चिंधी. आपल्या कादंबरीत आली असती तर आपण पहिल्याच पानावर तिची ‘चांदणी’ केली असतीत. गुरं राखायच्या निमित्तानं निघायची आणि शाळा गाठायची. शिक्षण चौथीपर्यंत, मग पोरवयातच लग्न. पुढं तरुणपणी रानातलं शेण गोळा करणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी ती उभी राहिली. तीच सिंधुताई सपकाळ, पुढं अनाथांची माई झालेली. धडपडली तीही, पण सावरायला नायक आला नव्हता. आता कृपा करून पुढच्या वेळी त्यागाची मूर्ती घेऊन येऊ नका. तो साचाही आपल्याकडे तयारच असेल, पानापानावर वात्सल्य ओतणारा. सगळ्या पोरींना माई व्हायचं नसतं. काहींना पोलीस भरती हवी असते, काहींना नुसतं दुपारी झोपायचं असतं.

मागणी फार नाही. पुढच्या नायिकेला एखादी मैत्रीण द्या, जिच्याशी तिचं मुलाशिवाय दुसऱ्या विषयावरही बोलणं होईल. तिला राग येऊ द्या, गणितात मार्क कमी पडू द्या. सायकल पंक्चर झाली तर तिला रडवू नका. ढकलत नेऊन पंक्चरवाल्याशी पैशांवरून घासाघीस करू द्या. आणि ही हकीकत तिच्याच तोंडून येऊ द्या. तोवर माझ्याकडे पुस्तक मागायला येणाऱ्या पोरींच्या हातात मी फास्टर फेणेच ठेवणार आहे.

कळावे. लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेची ग्रंथपाल