चारचौघांत शहाणं मशीन

जुन्या आउटबोर्ड मशीनला लोकलज्जा फार. देवबागच्या किनाऱ्यावर चारचौघांदेखत ते दुसऱ्या दोरीला सुरू होतं, एकसुरी आवाज काढतं आणि मालकाची तक्रार खोटी ठरवतं. मान टाकतं ते पुढे, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडावर, ओहोटीचा ओढा आणि समोरच्या लाटा एकमेकांना भिडत असताना. तिथेही पुरतं बंद पडत नाही. बंद पडलं असतं तर निदान तक्रार तरी नीट सांगता आली असती. ते चालू राहतं, धूर सोडतं, आवाज करतं. होडी तेवढी पुढे सरकत नाही. लाइफ जॅकेटं आवळून बसलेले पर्यटक डॉल्फिनांची वाट पाहतात आणि डॉल्फिन, आलेच तर, होडीला मागे टाकून निघून जातात.

होडी रखडत परतली की वाळूत निदान मंडळ भरतं. सभासद होण्यासाठी पात्रता लागत नाही. "प्लग बदल मरे," हा पहिला ठराव. "कार्बोरेटरात कचरो इलो असतलो," हा दुसरा. मग एक वडीलधारे विडी विझवून अंतिम निकाल देतात, "इंजिन म्हातारां झालां. इक आणि नवीन घे." जुनं मशीन विकत घ्यायला कोण तयार आहे, हे विचारलं तर बहुधा तेच तयार असतात.

म्हातारपणाचा हा निदानप्रकार सोयीचा खरा, पण त्यात एक खोट आहे. झिजलेले पिस्टन-रिंग काही किनाऱ्यावर तरुण होऊन समुद्रात म्हातारे होत नाहीत. मशीन धक्क्यावर नीट चालतं आणि तोंडावर दमतं, याचं कारण भारात असतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाला पेट्रोल चमचाभर पुरतं. पूर्ण थ्रॉटल दिला की मागणी कितीतरी पटीने वाढते. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, त्यावर होडी काही सेकंद ऐटीत धावते. मागून पुरवठा कमी पडला की वाटी रिकामी होते आणि इंजिन गुदमरतं. थ्रॉटल कमी केला की वाटी पुन्हा भरते, पुन्हा ऐट. हा खेळ चालला असेल तर प्लगला शिव्या देण्यात अर्थ नाही.

देवबागच्या त्या होडीवाल्याने, म्हणजे ज्याच्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मशीनवरून हे मंडळ भरलं होतं त्याने, सगळे ठराव एकमताने मंजूर केले. प्लग बदलले, कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला. सगळं खर्चाच्या उतरत्या क्रमाने. मेस्त्री आले ते चढत्या क्रमाने निघाले. पहिला प्रश्न, "टाकीच्या झाकणावरचो स्क्रू उघडलंस काय?" हा हवेचा स्क्रू बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल निघता निघत नाही आणि पाइपमधला रबरी फुगा आत ओढला जाऊन चपटा होतो. स्क्रू उघडा होता. मंडळ थोडं हिरमुसलं.

मग मेस्त्रींनी पाण्यात नेऊन पूर्ण थ्रॉटल दिला आणि इंजिन दबताक्षणी सोबतच्या आपल्या भाच्याला फुगा दाबत राहायला सांगितलं. मशीन उसळून निघालं! म्हणजे ठिणगी ठीक, दोष पेट्रोलच्या वाटेत. पंपाचा पडदा कडक झालेला किंवा पाइप कुठेतरी हवा ओढणारा. पाइप कापला तेव्हा आतलं अस्तर सुटून लोंबत होतं. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्या दिवसांत, होडी झावळ्यांखाली आणि पेट्रोल टाकीतच राहिलं होतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी शोषतं, पाणी फार झालं की त्यासकट तळाला बसतं आणि जुन्या रबराला ते मानवतही नाही. कोकणातली हवा पाणी द्यायला कधी कंजुषी करत नाही.

होडीच्या मागे टांगायचं आपलं मशीन अमेरिकेत ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये बाजारात आणलं. उन्हात तळ्यापलीकडून आइस्क्रीम वल्हवत आणताना ते वितळलं म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्याच्या मशीनची ताकद होती दीड हॉर्सपॉवर आणि जाहिरात सांगायची की वल्ही फेकून द्या. देवबागच्या होडीत वल्ही अजून आहेत, आणि जाहिरात न वाचल्याबद्दल कुणालाही पश्चात्ताप नाही.

फुगा दाबून फरक पडला नसता तर मेस्त्री ठिणगीकडे वळले असते. चालू मशीनच्या एकेका प्लगची टोपी काढायची, आवाज पडला तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर आळशी सापडला. हातात कोरडा रबरी मोजा हवा. मोज्याचं महत्त्व एकदाच समजावून सांगावं लागतं, तेही मशीनच सांगतं. काही कॉइल थंड असताना इमानदार असतात आणि तापल्यावर कामचुकार होतात, म्हणून ही परीक्षा मशीन दमल्यावरच घ्यायची. मागून पाण्याची बारीक धार येते की नाही, हेही बघायचं. ती आटली तर पंपाचं रबरी चक्र गेलेलं असतं किंवा पाणी ओढायच्या जाळीवर कुणाची तरी वेफर्सची पिशवी चिकटलेली असते.

नवा पाइप बसला. मशीन आता पूर्ण गर्जत होतं, पण होडीचा वेग मात्र तेवढा वाढेना. मंडळ पुन्हा जमलं. मेस्त्रींनी पंख्याच्या बोंडावर, आतल्या रबरी बुशवरून आडवी, पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आणि होडीवाल्याला तोंडावर जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि एकमेकांपासून चांगले दूर गेले होते. दांडा फिरत होता, बुश घसरत होता, पंखा जमेल तसा मागे येत होता. नवा बुश प्रेसवर दाबून बसवावा लागतो, म्हणजे मशीनशॉप, म्हणजे एक दिवस आणि पैसे.

"हातोड्यान नाय बसाचो, मेस्त्रीनू?" होडीवाल्याने विचारलं.

"बसात," मेस्त्री पंखा सोडवत म्हणाले. "मगे होडी ढकलूक तारकर्लीच्या स्कूबावाल्यांका सांग."